बोजा आपोआप चढत नाही

सातारा

चि. निखिल,
अनेक आशीर्वाद.

चेक न वटल्याच्या तुझ्या खटल्याचा निकाल वाचला. चेक चार लाखांचा, नुकसानभरपाई पाच लाख साठ हजार, मुदत दोन महिने, न दिल्यास तीन महिने साधी कैद. मुदत उलटून गेली आणि तू निवांत आहेस, कारण तुझ्या मते आरोपीच्या जमिनीवर कोर्टाचा बोजा, म्हणजे सातबाऱ्यावर या देण्याची नोंद, आता असणारच. तसं काही नसतं. तू वाचलंस ते अमेरिकेतल्या फेडरल कोर्टांचं. तिथे दंडाच्या किंवा भरपाईच्या शिक्षेची नोंद झाली की आरोपीच्या मालमत्तेवर सरकारचा हक्क उभा राहतो आणि पैसे फिटले नाहीत तर तो वीस वर्षं किंवा त्याहून जास्त टिकतो. आपल्याकडे कलम १३८ च्या (चेक न वटल्याच्या) निकालाने सातबाऱ्यावर एक अक्षरही उमटत नाही. बोजा चढवून घ्यावा लागतो, आणि तोवर त्याला जमीन विकायला कोणी अडवत नाही.

आधी निकालाचं शेवटचं पान पुन्हा वाच. 'दंड' असा शब्द असेल आणि त्यातून फिर्यादीला द्यावेत असं लिहिलेलं नसेल, तर पैसे सरकारजमा होतात. तुझ्या आदेशात फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३५७(३) खाली नुकसानभरपाई आहे (नव्या नागरिक सुरक्षा संहितेत हेच कलम ३९५), म्हणजे ठीक आहे. व्याजाचा मात्र उल्लेख नाही. दोन वर्षांनी आले तरी तेच पाच लाख साठ हजार येतील, म्हणून रेंगाळू नकोस.

मग अपील झालंय का ते बघ. सेशन्समध्ये अपिलाला तीस दिवस असतात. ई-कोर्ट्सच्या वेबसाइटवर सीएनआर नंबर (खटल्याचा ओळख क्रमांक) टाक, शिवाय जिल्हा न्यायालयात त्याच्या नावानेही शोध, कारण अपिलाला स्वतंत्र नंबर पडतो. अपील असेल तर चेकच्याच कायद्याच्या कलम १४८ खाली भरपाईच्या किमान वीस टक्के रक्कम भरायला लावा असा अर्ज आपल्या वकिलांनी लगेच द्यावा. तुझ्या हिशेबाने ते एक लाख बारा हजार होतात. मुदत साठ दिवसांची, सबळ कारण दाखवलं तर आणखी तीस. ही रक्कम कोर्टाच्या परवानगीने तुला उचलता येते. तो निर्दोष सुटला तर व्याजासकट परत करावी लागते, म्हणून ती दुकानात गुंतवू नकोस.

अपील नसेल तर ज्या कोर्टाने निकाल दिला तिथेच वसुली वॉरंटचा अर्ज द्यायचा. जुनी कलमं ४२१ आणि ४३१, नवी ४६१ आणि ४७१. अर्जात दोन्ही लिहा, म्हणजे टेबलावर वाद नको. वॉरंट दोन तऱ्हेचं निघतं. जंगम मालमत्तेचं पोलिसांकडे जातं, आणि त्यातून सहसा फारसं निघत नाही. गाडीवर फायनान्स कंपनीचा बोजा असतो, भांडीकुंडी नि शेतीची औजारं जप्त करता येत नाहीत. आपल्या कामाचं ते जिल्हाधिकाऱ्यांच्या नावचं वॉरंट. त्यावर रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल होते, स्थावरातूनसुद्धा. महसुली थकबाकीसाठी एरवी अटकही करता येते, पण या वॉरंटावर ती करता येत नाही. तहसीलदार त्याला धरून आणतील या आशेवर राहू नकोस.

वॉरंट बिनकामाचं ठरतं ते बहुतेक वेळा मालमत्तेच्या यादीपायी. 'आरोपीची मिळेल ती मालमत्ता' असं मोघम लिहिलेला अर्ज फिरून फिरून 'मालमत्ता आढळून आली नाही' असा शेरा घेऊन परत येतो. यादी आपण द्यायची. गाव, तालुका, गट नंबर, क्षेत्र, खाते क्रमांक, त्याचा हिस्सा. त्यासाठी त्या गावचा आठ-अ काढ, त्यात एका खात्यावरच्या सगळ्या जमिनी दिसतात. आठ-अ गावापुरताच असतो, त्यामुळे आजोळकडची किंवा शेजारच्या गावातली जमीन त्यात येणार नाही, ती वेगळी शोधायची. गावठाणातलं घर ग्रामपंचायतीच्या नमुना आठमध्ये सापडेल, शहरातली जागा मालमत्ता पत्रकावर. सातबारा डिजिटल सहीचाच घे, पंधरा रुपये लागतात.

उतारा हातात आला की घाई न करता वाच. डावीकडे वर भोगवटादार वर्ग १ आहे की २ ते बघ. वर्ग २ असेल तर परवानगीशिवाय विक्री होत नाही, आणि तिथे वसुली अडकते. नावापुढे 'एकुमॅ' आहे का? असेल तर तो एकत्र कुटुंबाचा मॅनेजर म्हणून लागलेला आहे. जमीन सगळी त्याची दिसते, पण भाऊ हरकत घेऊन उभे राहतील आणि आपल्याला मिळणार त्याचा हिस्सा तेवढाच. उलटही होतं. एकुमॅ म्हणून थोरल्याचं नाव आणि आपला माणूस उताऱ्यावर कुठेच नाही. मग जुने फेरफार उकरावे लागतात. 'इतर हक्क' या रकान्यात विकास सोसायटीचा इकरार (कर्जाची नोंद) किंवा बँकेचं गहाण आधीपासून असेल तर ते आपल्या पुढे. तळाशी 'प्रलंबित फेरफार' ही ओळ असते, लोक ती वाचतच नाहीत. तिथे नंबर दिसला तर जमीन कुणाच्या तरी नावावर जायला निघाली आहे असं समज आणि त्याच दिवशी चावडीत जा.

चेक परतल्यानंतर त्याने भावाला हक्कसोड किंवा बायकोला बक्षीसपत्र करून दिलंय का, हे नोंदणी खात्याच्या ई-सर्चवर गट नंबर टाकून बघ. केलं असेल तर जमीन त्याच्या नावावर उरलेली नाही आणि महसूल खातं तिला हात लावणार नाही. दस्त घेणेकऱ्यांना बुडवण्यासाठी केला असं म्हणत दिवाणी कोर्टात वेगळा दावा लावावा लागतो.

नावाचा घोळ तर हमखास. चेकवर आणि निकालात 'डी. बी.', सातबाऱ्यावर 'दत्तू बाबू', आधारवर 'दत्तात्रय बाबूराव'. तलाठी (आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं, तोंडात तलाठीच येतं) अशा वेळी 'सदर नावाचा खातेदार या गावी नाही' असं लिहून मोकळा होतो, आणि त्याचं चूकही नसतं. अर्जातच 'ऊर्फ' घालून तिन्ही नावं लिही, एकच माणूस असल्याचं प्रतिज्ञापत्र जोड आणि वॉरंटात तसंच उतरलंय ना ते वाचून घे.

वॉरंट जिल्हाधिकारी कार्यालयातून तहसीलला उतरतं. आवक क्रमांक लिहून घे, त्याच्याशिवाय तिथे कोणी बोलत नाही. मागणीची नोटीस, मग जप्तीचा आदेश, मग फेरफार. मंडळ अधिकाऱ्याने फेरफार प्रमाणित केल्यावर इतर हक्कात रकमेसह बोजा दिसला पाहिजे. नवा उतारा काढून रक्कम तपास, एखादं शून्य गळालेलं असतं. बोजा म्हणजे विक्रीला कुलूप नव्हे. पण बोजाची जमीन घ्यायला कोणी धजत नाही आणि बँक पीककर्ज देताना अडते. माझ्या मते पैसे लिलावापेक्षा तिथेच सुटतात. लिलावापर्यंत गेलंच तर जाहीरनाम्यानंतर किमान तीस दिवस, बोली लावणाऱ्याकडून पंचवीस टक्के जागेवर, आणि नंतरही तीस दिवसांत थकबाकी व खरेदीच्या पाच टक्के भरून त्याला विक्री रद्द करून घेता येते.

तीन महिने आत बसून आला की देणं फिटलं, असं त्याचा भाऊ सांगत फिरतोय ना? नुसत्या दंडाच्या बाबतीत त्यात थोडं तथ्य आहे. पूर्ण कैद भोगली तर खास कारणं नोंदवल्याशिवाय वॉरंट निघत नाही. पण फिर्यादीला भरपाईचा आदेश असेल तर ही आडकाठी लागू होत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये ते स्पष्ट केलंय. भरपाई दंडासारखीच वसूल होते, दंडाला निकालापासून सहा वर्षांची मर्यादा आहे, तेव्हा तीच मुदत धरून चाल. तो मेला तरी वारसांच्या हाती आलेली त्याची मालमत्ता जबाबदार राहते.

पैसे कोर्टात नाझराकडे (कोर्टाचे पैसे सांभाळणाऱ्याकडे) येतील. तिथून उचलण्याचा अर्ज, सोबत रद्द केलेला चेक. तो रोख घेऊन दारात आला तर घेऊ नकोस, कोर्टात भरायला सांग. अर्धे देऊन 'बोजा तेवढा उतरवा, बाकीचे कर्ज मिळालं की देतो' म्हणेल, तेव्हा ना-हरकत द्यायची नाही. पूर्ण रक्कम खात्यात दिसल्यावर पुरसीस (पैसे मिळाल्याचं कोर्टाला लेखी निवेदन) द्यायची, मग कोर्टाचं पत्र तहसीलला जातं आणि बोजा कमी होतो.

सोमवारी निकालाच्या दोन प्रमाणित नकलांचा अर्ज टाक. शनिवारी येताना आठ-अ आणि त्यातले सगळे सातबारे घेऊन ये, यादी आपण इथे बसून करू.

तुझी,
आई