कोऱ्या पाटीचं कौतुक

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या क्रीडा पानावर आजवरच्या थोर मुष्टियोद्ध्यांची यादी वाचली. फ्लॉइड मेवेदर पहिला, रॉकी मार्सियानो दुसरा, कारण काय तर दोघेही कधी हरले नाहीत. शुगर रे रॉबिन्सन सातवा! शाळेत खेळ शिकवण्यात आणि जिल्हा स्पर्धांत रिंगशेजारी बसून गुण देण्यात माझी हयात गेली. त्या सातव्या नंबरापाशी माझा चहा गार झाला.

मेवेदरचा बचाव मीही मुलांना पुन्हा पुन्हा दाखवत असे. पण त्याची पन्नासावी लढत कोणाशी झाली? २०१७ मध्ये, कॉनर मॅकग्रेगरशी. गडी नामांकित, पण मिक्स्ड मार्शल आर्ट्सचा. व्यावसायिक बॉक्सिंगमधली ती त्याची पहिलीच बाउट. आणि नुसता आकडाच मोजायचा, तर थायलंडचा वानहेंग मेनायोथिन ओळीनं ५४ लढती जिंकून मग २०२० मध्ये हरला. मेवेदरपेक्षा चार जास्त. तुमच्या यादीत तो कुठेच नाही, म्हणजे मनातून तुम्हालाही आकडा पुरेसा वाटत नाही.

मेक्सिकोच्या हुलिओ सेझार चावेझचं उदाहरण तर आणखी बोलकं. सप्टेंबर १९९३ मध्ये सॅन अँटोनिओला पर्नेल व्हिटेकरनं त्याला बारा फेऱ्या अक्षरशः हवेत ठोसे मारायला लावले. दोन जजनी बरोबरी दिली, तिसऱ्यानं व्हिटेकरला विजयी ठरवलं. निकाल ड्रॉ. तोवर न हरलेल्या चावेझचा पराभवाचा रकाना तसाच रिकामा राहिला. मी स्वतः जज म्हणून बसलोय, चुका माझ्याही झाल्यात; म्हणूनच सांगतो, ते शून्य कधी कधी रिंगबाहेरच्या खुर्चीवर बसलेले लोक राखतात.

आता रॉबिन्सन. ५ फेब्रुवारी १९४३ ला डेट्रॉइटमध्ये जेक लामोटानं त्याला हरवलं. लामोटा वजनानं चांगलाच भारी. दुसरा कोणी असता तर पुन्हा त्याच्या वाटेला गेला नसता. रॉबिन्सन तीन आठवड्यांत त्याच गावात, त्याच माणसासमोर उभा राहिला आणि जिंकला. दोघांच्या सहा लढती झाल्या, पाच रॉबिन्सनच्या. १९७४ मध्ये किन्शासात तर ४० लढती न हरलेला जॉर्ज फोरमन आठव्या फेरीत आडवा झाला. समोर मुहम्मद अली होता, तोवर दोनदा हरलेला.

मार्सियानोबद्दल मला आदर आहे, पण तो ४९-० (४९ विजय, शून्य पराभव) साठी नाही. सप्टेंबर १९५२, फिलाडेल्फिया. जर्सी जो वॉलकॉटनं पहिल्याच फेरीत त्याला खाली पाडलं. बारा फेऱ्यांनंतर दोन्ही जज आणि रेफरी, तिघांच्याही कागदावर तो मागे होता. तेराव्या फेरीत दोरांजवळ त्याचा उजवा ठोसा वॉलकॉटच्या जबड्यावर बसला आणि जगज्जेतेपद फिरलं. तो ठोसा चार बोटं हुकला असता तर बहुधा ४२-१ झाले असते. मग काय, त्या बारा फेऱ्यांत खाल्लेला मार फुकट गेला असता?

आमच्याकडेही असं एक शून्य होतं. माझ्या वहीत प्रत्येक मुलाचं नाव, वजन, प्रतिस्पर्धी, निकाल असे पेन्सिलीनं आखलेले रकाने असत. एका मुलाच्या नावापुढे नऊ विजय. त्यांतले दोन बाय (म्हणजे प्रतिस्पर्धीच नसल्यानं न लढता पुढची फेरी), एक वॉकओव्हर, आणि तिघांनी ग्लोव्हज पहिल्यांदाच घातलेले. वडिलांनी चौकात फ्लेक्स लावला : ‘अपराजित मुष्टियोद्धा’. पुढच्या वर्षी त्याच्या वजनगटात एक तयारीचा मुलगा आहे असं कळताच वडील म्हणाले, ‘सर, याला एक गट खाली घ्या.’ घामानं वजन उतरावं म्हणून पोराला रेनकोट घालून मैदानाभोवती पळवायला लागले. मी नाव खोडलं नाही, होतं त्याच गटात ठेवलं.

मुलगा गुणांवर हरला, पण तिसरी फेरी अशी खेळला की आधीच्या एकाही लढतीत मी त्याला तसं खेळताना पाहिलं नव्हतं. कोपऱ्यात आला, माउथगार्ड हातात काढला आणि विचारलं, ‘सर, आता फ्लेक्स काढायचा का?’

मी म्हटलं, ‘आधी पाणी पी.’

आपला,
एक निवृत्त क्रीडाशिक्षक, सातारा