फेरसार्वमत झालेच तर…

महोदय,
युरोपीय संघात राहायचे की नाही, यावर ब्रिटनमध्ये २०१६ सारखे पुन्हा सार्वमत झाले, तर पश्चात्तापाने सगळे युरोपीय संघाकडे वळतील, हे मला पटत नाही. आमच्या स्लाउ गावात स्थलांतरितांची एवढी वस्ती, तरी २०१६ साली सुमारे ५४ टक्के मते बाहेर पडण्याच्या बाजूने गेली. शेजारचे पंजाबी आजोबा तेव्हा म्हणाले होते, "आपल्या माणसांना व्हिसासाठी खेटे आणि युरोपवाल्यांना दार सताड उघडे?" त्यांचे मत आजही तेच आहे.

देशभरात फरक होता जेमतेम १२ लाख ७० हजार मतांचा. त्यामुळे निकाल ठरवतील ते तेव्हा घरी बसलेले २८ टक्के मतदार आणि त्या वेळी शाळेत असलेली मुले. पण परत जाताना जुन्या सवलती, म्हणजे युरोऐवजी स्वतःचा पौंड आणि संघाच्या वर्गणीतली सूट, मिळतीलच याची हमी नाही. त्यामुळे संघात राहण्याच्या बाजूचेही काही जण कचरतील.

भारतीय पासपोर्टवर, राष्ट्रकुलाचा नागरिक म्हणून मी मत दिले. वरच्या मजल्यावरच्या, इथे कर भरणाऱ्या पोलिश नर्सला मात्र तो हक्क नव्हता. पुढच्या वेळी तिलाही तो मिळायलाच हवा.

– एक मराठी वाचक, स्लाउ, इंग्लंड