पोरं का येत नाहीत म्हणालास म्हणून

प्रिय मित्रा,

परवा फोनवर तू अर्धा तास वैतागून बोलत होतास आणि मी नुसता हं हं करत होतो, कारण समोर साहेब बसलेला. आज रविवार आहे, निवांत लिहितोय, लांबणार आहे, चहा घेऊन बस.

तर तुझ्या कंपनीनं सीएसआरच्या, म्हणजे समाजकार्यासाठी बाजूला काढायच्या पैशातनं वस्तीजवळ लहान मुलांचं सेंटर बांधलं, भिंती रंगवल्या, छोट्या छोट्या खुर्च्या आणल्या, पाण्याचं मशीन बसवलं, फीत कापून झाली, आणि आता साठ पोरांच्या जागेत दहा-बारा येतात. वर तू म्हणालास की या लोकांनाच पोरांची पडलेली नाही रे. राग मानू नकोस, पण ते वाक्य दोन दिवस डोक्यात टोचत राहिलं. माझी आई अंगणवाडी सेविका होती हे तू विसरलास, बाकी काही नाही.

तुला आठवतं, कॉलेजात असताना आपण डहाणूजवळ बोर्डीला गेलो होतो? सुरूच्या बनात झोपलो, घोलवडचे चिकू खाऊन तुझं पोट बिघडलं, परतीची गाडी चुकली. त्या बोर्डीत १९४५ साली दोन बायकांपुढे अगदी तुझाच प्रॉब्लेम उभा होता आणि आपल्याला त्याचा पत्ताच नव्हता.

एक ताराबाई मोडक. वय त्रेपन्न. १९१४ सालच्या पदवीधर, वकिलाशी लग्न, ते मोडलं, मग राजकोटला ट्रेनिंग कॉलेजच्या प्रिन्सिपॉल, तिथनं भावनगरला गिजुभाई बधेका या गुजराती शिक्षणतज्ज्ञांबरोबर बालशिक्षणात. १९२६ ला त्यांनी नूतन बाल शिक्षण संघ काढला, पुढं दादरला शिशुविहार. म्हणजे शहरातलं सगळं जमलेलं, नाव झालेलं. पण शहरातल्या बऱ्या घरच्या मुलांना शिकवून काय मोठंसं केलं, असं काहीतरी वाटलं असणार, म्हणून त्या वयात उठून खेड्यात गेल्या. दुसऱ्या अनुताई वाघ. तेराव्या वर्षी लग्न, सहा महिन्यांत विधवा, मग शिकून पुण्यात बरीच वर्षं मास्तरकी. १९४५ ला एका शिबिरात ताराबाई भेटल्या आणि अनुताई पुण्यातली नोकरी सोडून त्यांच्यामागे बोर्डीला. तिथं निघालं ग्राम बाल शिक्षा केंद्र.

आणि साल बघ कुठलं! त्याच वर्षी त्याच पट्ट्यात, तलासरी-उंबरगाव-डहाणूकडं, गोदावरी आणि शामराव परुळेकर या किसान सभेच्या पुढाऱ्यांबरोबर वारली आदिवासी माणसं वेठबिगारीला नाही म्हणत उभी राहिली होती. एकीकडं मोठी माणसं सावकार-जमीनदाराशी भांडतायत आणि दुसरीकडं दोन शहरी बायका त्यांच्या पोरांची नखं कापतायत. मला आधी हे फार किरकोळ वाटायचं, नखं कापणं वगैरे. आता तसं वाटत नाही, पण ते पुढं.

तर गावात बालवाडी सुरू झाली. मुलं आली ती खाऊनपिऊन बऱ्या घरची. ज्यांच्यासाठी एवढा खटाटोप केला ती हरिजनवस्तीतली आणि आदिवासी पोरं येईनात. तुझी केस तंतोतंत, फक्त भिंतीवर कार्टून नव्हती. आता इथं त्या म्हणू शकल्या असत्या की या लोकांना पडलेलीच नाही. त्याऐवजी त्यांनी बालवाडीच उचलली आणि वस्तीवर नेली. कुणाच्या तरी घरापुढच्या सारवलेल्या अंगणात मुलं गोळा करायची, आंघोळ घालायची, केस विंचरायचे, गाणी, गोष्ट, खेळ. आया कामं करता करता बघतायत, म्हाताऱ्या कोपऱ्यात बसून ऐकतायत. गावातली ती मध्यवर्ती बालवाडी आणि वस्तीवरची ती अंगणवाडी. शब्द तिथनं आला रे. आपण आज तो शब्द सरकारी खिचडीला लावून मोकळे होतो.

साहित्याचंही तसंच. बालशिक्षणाची नवी पद्धत काढणाऱ्या इटलीच्या मॉंटेसोरीबाईंनी १९०७ ला रोममध्ये पहिलं बालगृह काढलं ते गरीब वस्तीतल्या पोरांसाठीच, पण आपल्याकडं येईस्तोवर ते महागड्या लाकडी पेट्यांचं प्रकरण झालं. ताराबाईंनी पद्धत ठेवली, पेट्या सोडल्या. शिंपले, चिंचोके, गोटे, पानं, बिया. मोजायलाही तेच, रंग ओळखायलाही तेच. आमच्या आईकडं एक पत्र्याचा डबा होता, गुंजा, सागरगोटे आणि बाटल्यांची बुचं भरलेला, आणि ऑफिसातनं आलेला प्लास्टिकच्या खेळण्यांचा संच मात्र कपाटात कुलपात, कारण तुटला तर भरून द्यावा लागेल. तो संच मी कधी उघडलेला पाहिला नाही. गुंजा विषारी असतात म्हणून आईनं नंतर काढून टाकल्या, तेवढं सांगतो, नाहीतर तू ठेवशील.

मग १९५७ ला सगळं बिऱ्हाड कोसबाडच्या टेकडीवर गेलं, वारली पाड्यांच्या मधोमध. आणि तुला हे पत्र लिहायचं खरं कारण इथं आहे. तिथंही पोरं लगेच येईनात, आली तर टिकेनात. का? मोठी मुलगी शाळेत यायची तर कडेवरच्या भावाला कोण बघणार, आईबाप मजुरीला गेलेले. म्हणून एकाच ठिकाणी तिन्ही: तान्ह्यांना पाळणाघर, मधल्यांना बालवाडी, मोठ्यांना प्राथमिक शाळा. नाव विकासवाडी. म्हणजे बघ, आपण पाळणाघर म्हटलं की नोकरी करणारी आई डोळ्यासमोर आणतो, तिथं ते आठ वर्षांच्या बहिणीसाठी लागलं. पोरगा शाळेत का नाही, तर तो गुरांमागे गेलाय. मग मास्तर कुरणात, गुरं चरतायत तिथं शाळा, तिचं नावच कुरणशाळा. दिवसभर कामावर जाणाऱ्यांना रात्रीची शाळा. त्या संस्थेचा इतिहास लोक पुरस्कारांनी सांगतात, ताराबाईंना १९६२ ला पद्मभूषण, अनुताईंना १९८५ ला पद्मश्री, ते ठीकच आहे, पण मला विचारशील तर तिथली एकेक शाखा म्हणजे 'हा आज का आला नाही' याचं एकेक उत्तर आहे. कुणी आधी प्लॅन काढून बसलेलं दिसत नाही.

ती कडेवरची पोर मी स्वतः बघितलीय. मी पाच-सहा वर्षांचा असेन, आईच्या अंगणवाडीत, म्हणजे मारुतीच्या देवळाच्या ओवरीत, स्वतःची खोली नव्हतीच. एक मुलगी रोज यायची आणि ओवरीच्या खांबाशी उभी राहायची, कडेवर शेंबडं बाळ, एका बाजूला पार कलून गेलेली. आत यायची नाही. गाणं सुरू झालं की बाहेरून ओठ हलवायची, हात रिकामे नसायचे म्हणून अभिनय नाही, नुसते ओठ. आई एक दिवस उठली, तिच्या कडेवरनं बाळ काढलं आणि मदतनीस मावशींच्या मांडीवर ठेवलं. मावशी कुरकुरल्या, खिचडी करपेल म्हणून. त्या मुलीनं काय केलं असेल सांग? बसली नाही. दोन्ही हात मोकळे झाल्यावर तिला ते कुठं ठेवायचे तेच कळेना, कडेवर हात तसाच वाकडा धरून उभी राहिली बराच वेळ. मला ते चित्र अजून दिसतं. आईनं कोसबाडचं नाव ट्रेनिंगमध्ये ओझरतं ऐकलं होतं म्हणाली, बाकी काही माहीत नव्हतं तिला.

सरकारी योजना आली ती २ ऑक्टोबर १९७५ ला, एकात्मिक बालविकास, देशात ३३ ठिकाणी. अंगणवाडी हा शब्द उचलला गेला. ताराबाई दोन वर्षं आधीच, १९७३ ला गेल्या होत्या. अनुताईंनी पुढं १९९२ पर्यंत, म्हणजे जाईपर्यंत संस्था सांभाळली. आज देशभर जवळजवळ १४ लाख अंगणवाड्या आहेत. सहा कामं कागदावर: पोषण आहार, लसीकरण, तपासणी, दवाखान्यात पाठवणं, आयांना आरोग्याची माहिती आणि शाळेच्या आधीचं शिक्षण. चांगलीच आहे योजना, मी तिच्या सुकडीवर वाढलोय, शिव्या घालणार नाही. पण एक सांगतो, सहावं काम सगळ्यात आधी मरतं. आईची सकाळ वजनकाट्याला झोळी बांधण्यात आणि रजिस्टरं भरण्यात जायची, शेवटी तर तीच माहिती मोबाईलमध्येही भरायची, चष्मा कपाळावर आणि फोन हातभर लांब धरून. गाणं राहिलं की राहिलं. आणि एवढं सगळं 'मानधना'वर, पगार म्हणायचं नाही. तिला सुरुवातीला २२५ रुपये मिळायचे. ग्रॅच्युइटीचा हक्क आहे हे सुप्रीम कोर्टानं २०२२ साली सांगितलं, तोवर ती रिटायर झालेली.

आणि अंगण? अंगण गेलंच. पक्की खोली हवी म्हणून सगळे भांडलो, बरोबरच होतं, पावसात ओवरी गळायची. पण खोली आली आणि दार आलं, दार आलं की आत कोण आणि बाहेर कोण हे आलं. आता आया दारापर्यंत सोडून परत फिरतात, म्हाताऱ्या तर येतच नाहीत. तुझ्या सेंटरला तर गेट आहे आणि गेटवर वॉचमन आहे म्हणालास.

त्या दोघींना देव करायचं नाहीये मला. वरच्या जातीतल्या, बाहेरून आलेल्या, स्वच्छतेचं जरा जास्तच वेड असलेल्या, असं कुणी म्हटलं तर मी भांडणार नाही. पण नखं कापायला पोराचा हात हातात घ्यावा लागतो रे, आणि ज्या वस्तीवरच्या पोरांना गावात कुणी शिवत नव्हतं तिथं ते किरकोळ नव्हतं.

तुझा विषय आईला सांगितला. ती भाजी निवडत होती, मान वर न करता म्हणाली, "त्याला म्हणावं येणारी दहा सोड, न येणाऱ्यांची यादी कर, आणि प्रत्येकाच्या नावापुढं तो सकाळी दहा वाजता कुठं असतो ते लिही." मग थोड्या वेळानं, "आणि सेंटर उघडतं किती वाजता?" मी म्हटलं दहाला. तर हसली. नाक्यावरची मजुरी आठलाच निघते म्हणे, दहाला पोरं आणून सोडायला घरात असतं कोण?

पुढच्या शनिवारी आम्ही दोघं येतो. सेंटर दाखवू नकोस, थेट वस्तीत जाऊ, सकाळी साडेसातला, ते फॉर्मल शर्ट वगैरे घालू नकोस. आईचे गुडघे गेलेत, जमिनीवर बसवत नाही, त्यामुळे तुझ्या त्या छोट्या खुर्च्यांपैकी एक गाडीत टाक. निदान एक तरी वापरात येईल.

तुझाच,
(चिकू न खाल्लेला)