कसर भरून काढणाऱ्या बाईंना

प्रिय बाई,

हे पत्र मराठीत लिहितोय, म्हणजे तुम्हाला वाचता येणार नाही. शनिवारी चहाच्या वेळी इंग्रजी करून वाचून दाखवीन, तेव्हा मधेच उठून इस्त्री तापवायला जाऊ नका. ‘बाई’ म्हणजे काय, असं तुम्ही एकदा विचारलं होतं आणि मी ‘मॅडम’ म्हणून वेळ मारून नेली होती. आमच्याकडे शाळेत शिकवणाऱ्यांना बाई म्हणतात. छडी मारणाऱ्यांनाही.

बाकीच्या वाचणाऱ्यांसाठी थोडं मागचं सांगतो. मी मूळचा जालन्याचा, राहतो स्कॉटलंडमध्ये ग्लासगोत आणि किल्ट जमवतो, म्हणजे इथल्या पुरुषांचा कमरेभोवती नेसायचा, निऱ्यांचा लोकरी पोशाख. किल्ट, कमरेला पुढे लटकणारा स्पोरन नावाचा बटवा, मोज्यात खोचायची स्कियन डू नावाची छोटी सुरी, टोप्या, बिल्ले, पिना, सगळंच. घरच्यांनी समजावणं केव्हाच सोडून दिलंय.

सुरुवात एका बिल्ल्याने झाली. ग्लासगोत शनिवार-रविवारी बॅरास नावाचा जुना बाजार भरतो. तिथे एका ट्रेमध्ये गंजक्या किल्ल्या आणि सुट्या बटणांच्या ढिगात टोपीवर लावायचा बिल्ला पडला होता. चांदणीचा आकार, मधे बिगुल, वर मुकुट, खाली एक पट्टी आणि पट्टीखाली इवलासा हत्ती. स्कॉटलंडच्या टोपीवर हत्ती कशाला, म्हणून पट्टीवरची अक्षरं अंगठ्याने पुसली. दुकानदार त्याचा उच्चार काहीतरी ‘असाय’ असा करत होता. मला कळायला दोन मिनिटं लागली. असई! माझं आजोळ भोकरदनकडचं. लहानपणी मामाच्या मागे लुनावर बसून त्या गावावरून मी कितीदा गेलोय.

२३ सप्टेंबर १८०३ रोजी असईला शिंदे-भोसल्यांची फौज आणि इंग्रजांचा सेनापती वेलस्ली यांची गाठ पडली. वेलस्लीकडे हायलँडर, म्हणजे स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातल्या लोकांच्या दोन पलटणी होत्या, ७४ वी आणि ७८ वी. त्यातली ७४ वी वाट चुकून थेट गावाच्या अंगावर गेली आणि मराठ्यांच्या तोफांखाली जवळजवळ कापली गेली. त्याबद्दल ईस्ट इंडिया कंपनीने तिला मानाचं जास्तीचं निशाण दिलं, त्यावर हत्ती होता. पुढे १८८१ साली ती पलटण ‘हायलँड लाइट इन्फन्ट्री’त विलीन झाली आणि हत्ती बिल्ल्यावर चढला. म्हणजे आपल्या पराभवाचा बिल्ला मी ग्लासगोत पदरचे पैसे मोजून विकत घेतला. मामाला फोनवर सांगितलं तर म्हणाला, ‘अरे, घासाघीस तरी केलीस का?’

बिल्ला आला की टोपी हवी, टोपी आली की किल्ट हवा. या पलटणीचा टार्टन, म्हणजे कापडावरची चौकड्यांची नक्षी, मॅकेन्झी कुळाच्या नावाची: निळा, हिरवा, काळा आणि त्यावर पांढरी नि लाल रेघ. गंमत म्हणजे ७४ व्या पलटणीचा किल्ट सरकारने १८०९ सालीच काढून घेतला होता, किल्टमुळे भरतीला माणसं मिळत नाहीत म्हणून. हायलँड लाइट इन्फन्ट्रीला किल्टची परवानगी मिळाली थेट १९४७ साली. आपल्याला स्वातंत्र्य मिळालं त्याच वर्षी.

बाई, तुमच्या दारात मी आलो तो याच टार्टनचा एक किल्ट घेऊन. ऑनलाइन घेतला होता, फोटोत झकास दिसत होता. घरी पिशवी उघडली आणि वास आला, मग बारीक पांढरी भुकटी दिसली. उजेडासमोर धरला तर मागच्या बाजूला चाळणी. कसर लागली होती. मी तीन दुकानांत विचारलं, तिघांनीही ‘नवीन घ्या’ म्हणून वाटेला लावलं. एकाने जाता जाता तुमचं नाव सांगितलं: निवृत्त आहेत, तोंडाने फटकळ आहेत, पण बघतील.

तुम्ही किल्टकडे नंतर पाहिलंत, आधी माझ्याकडे. त्याच्या पंधरा दिवस आधी एका लग्नात मी पहिल्यांदा किल्ट नेसलो होतो आणि फोनमधला तो फोटो मोठ्या ऐटीत तुम्हाला दाखवला होता. किल्टची पिन मी वरच्या आणि खालच्या दोन्ही पदरांतून आरपार टोचली होती. ‘बसताना फाटला असेल,’ तुम्ही म्हणालात. फाटला होताच. पिन फक्त वरच्या पदराला लावायची, ती वजनासाठी, कुलूप म्हणून नाही. मोजे गुडघ्यापर्यंत ओढलेले पाहून तुम्ही मान हलवलीत: गुडघ्याच्या वाटीखाली तीन बोटं सोडायची. स्पोरन तर माझा इतका खाली होता की तो चालताना... असो, ते इथे लिहीत नाही.

मग किल्ट टेबलावर पसरलात आणि म्हणालात, ‘हा मी दुरुस्त करणार नाही. तू करशील. शनिवारी ये.’

आमच्याकडे याला रफू म्हणतात. जालन्यात लहानपणी बाबांचा लग्नातला कोट घेऊन मी रफूवाल्याकडे गेलोय, तो काय करायचा ते कधी नीट पाहिलं नव्हतं. तुमच्याकडे पाहिलं. आधी किल्ट पिशवीत घालून, हवा काढून, दोन आठवडे उणे १८ अंशांवर ठेवायचा, म्हणजे अळ्या मरतात. आमच्या फ्रीजरमध्ये तो ओल्या खोबऱ्याच्या पाकिटांना चिकटून राहिला. त्यावरून घरात जे झालं ते तुम्हाला सांगितलंच आहे. मग आतल्या दुमडीतून, जिथून कोणाला दिसणार नाही तिथून, एकेक धागा सुईच्या टोकाने उपसायचा. हिरव्या पट्ट्याला हिरव्यातलाच, काळ्याला काळ्यातलाच. नवी लोकर चालत नाही, तिचा रंग सत्तर वर्षं उन्हात वाळलेला नसतो. आणि मग विणायचं: दोन धाग्यांवरून, दोन धाग्यांखालून, पुढच्या ओळीत एक धागा सरकून. टार्टनच्या अंगावर ती तिरपी रेघ उठते ती यामुळेच. एक पायरी चुकली की रफू पुसलेल्या डागासारखं दिसतं. माझं पहिलं भोक मुगाच्या दाण्याएवढं होतं, त्याला दोन शनिवार गेले. तुम्ही भिंगातून पाहिलंत आणि कात्रीने सगळं कापून काढलंत.

राग आला होता, आता सांगतो.

या शनिवारांत किल्ट म्हणजे काय ते कळलं. पुरा किल्ट म्हणजे आठ वार कापड. आठ वार ऐकून मला आईचं नऊवारी आठवलं, तसं मी म्हणालोही, आणि तुम्ही लगेच नऊवारीचा काठ कसा असतो ते विचारलंत. कारण किल्टला खाली दुमड नसते, मागाचा काठच तळाला येतो. निऱ्या कमरेशी निमुळत्या करून एकेक हाताने शिवायच्या. साध्या किल्टात निऱ्या अशा घालतात की मागूनही टार्टनची नक्षी अखंड दिसावी. लष्करी किल्टात बहुधा प्रत्येक निरीवर एकच रेघ येते आणि चालताना निऱ्या हलल्या की मधलाच रंग चमकून जातो. इस्त्रीआधी प्रत्येक निरीला तळाशी कच्चा दोरा घालायचा, ओल्या फडक्यावरून वाफ द्यायची आणि दोरा कापड गार झाल्यावरच काढायचा. तुमची ती कच्च्या दोऱ्याची पांढरी रीळं बिस्किटाच्या डब्यात असतात. आमच्याकडेही बिस्किटाच्या डब्यात बिस्किटं कधीच नसतात.

आईला फोटो पाठवला, तर तिने एकच प्रश्न विचारला: ‘निऱ्या मागे का रे?’ मी तो तुमच्यापर्यंत पोचवला आणि तुम्ही पहिल्यांदाच माझ्यावर खूश झालात, खरं तर आईवर. पूर्वी अख्खं घोंगडंच जमिनीवर पसरून, चुण्या करून, त्यावर आडवं पडून पट्टा बांधायचे; चुण्या पाठीखाली यायच्या, पोटावर दोन्ही टोकं सपाट. शिवलेला किल्ट नंतरचा, पण त्याने ती सवय सोडली नाही.

एक गोष्ट मी तुम्हाला फार उशिरा विचारली. माझं ना कुळ मॅकेन्झी, ना आजोबा पलटणीत. मी हे नेसावं का? तुम्ही सुई न थांबवता सांगितलंत: कुळागणिक टार्टनचं हे प्रकरण बरंचसं १८२२ सालानंतरचं, राजा चौथा जॉर्ज एडिंबराला आला आणि जो तो आपला टार्टन शोधायला धावला तेव्हाचं. त्याआधी बॅनकबर्न गावच्या विल्सन नावाच्या विणकरांच्या मागांवर कित्येक टार्टन नुसत्या नंबरांनी विकले जायचे. १७४६ साली कायदा करून हाच पोशाख बंद केला होता, दुसऱ्यांदा सापडलं तर सात वर्षं समुद्रापार हद्दपारी. ‘तेव्हा इथल्यांना नेसू दिलं नाही, आता मी तुला अडवू?’ असं म्हणून दोरा दाताने तोडलात.

पण खरे आभार ज्याचे मानायचे आहेत ते यातलं काहीच नाही. मी माझ्या संग्रहाच्या वहीत लिहिलं होतं: ‘हायलँड लाइट इन्फन्ट्रीचा किल्ट, असईच्या पलटणीचा.’ तुम्ही चष्मा पुसलात. मॅकेन्झी टार्टन सीफोर्थ हायलँडर ही दुसरी पलटणही नेसायची. किल्टच्या आतल्या शिक्क्यावर ब्रिटिश लष्करी मालाची खूण असलेला बाण आणि १९५१ एवढंच वाचता येतं. ‘तुला हवं म्हणून ते खरं होत नाही,’ म्हणालात. मी बरीच हुज्जत घातली. मला तो किल्ट माझ्या बिल्ल्याच्या पलटणीचाच हवा होता. शेवटी पेन्सिलने लिहिलं: ‘मॅकेन्झी, लष्करी, १९५१. पलटण सिद्ध नाही.’ त्या रात्री मी आधीची सगळी वही पुन्हा वाचली आणि अकरा वस्तूंच्या नोंदी खोडल्या. एका स्पोरनला मी ‘पहिल्या महायुद्धातला’ म्हटलं होतं. त्याच्या अस्तराला नायलॉनची शिवण होती. बिल्ल्याची नोंद मात्र तशीच राहिली. त्यावर गावाचं नावच कोरलेलं आहे.

तुम्ही एक पैसा घेतला नाहीत. पहिल्यांदा पाकीट पुढे केलं तेव्हा ते तुम्ही इस्त्रीखाली ठेवून चपटं करून परत दिलंत.

एकूण एकोणीस भोकं होती, सतरा झाली. दोन उरली आहेत, त्यातलं एक नेमकं पांढऱ्या रेघेवर आहे आणि तिथे माझा हात थरथरतो. किल्ट घेऊन शनिवारी येतो. आईने चकल्या पाठवल्या आहेत. गेल्या वेळेसारख्या चहात बुडवू नका, तिला मी सांगून बसलोय.

तुमचा,
शनिवारचा विद्यार्थी