‘मी आहे ना’ म्हणालीस त्यावरून

चि. ऋचा,
अनेक आशीर्वाद.

फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून लिहायला बसले. बाबा म्हणाले व्हॉइस मेसेज पाठव. पण त्यात माझा आवाज चढला की तू तो मध्येच बंद करशील. फोटो काढून पाठवते. अक्षर लागलं नाही तर मीनलला विचार, तिला लागतं.

आधी रागाचं संपवून टाकू. अटलांटातल्या ज्या काळ्या लोकांच्या वस्तीचं नियोजन तुमची कंपनी करतेय, तिथली चर्चच्या तळघरातली मीटिंग संपवून रात्री नऊला एकटी निघू नकोस, एवढंच मी म्हटलं होतं. त्यावर तू विचारलंस, गोऱ्यांच्या वस्तीत मीटिंग असती तर हेच म्हणाली असतीस का? हो, म्हणाले असते. कल्याणला असतीस तरी म्हणाले असते. मामाला अजून म्हणते, त्याची साठी झाली तरी. तेव्हा ते राहू दे. माझा जीव टांगणीला लागलाय तो वेगळ्याच गोष्टीने. त्या निळ्या टोपीच्या आजी तुला म्हणाल्या, तुम्ही लोक येता, लिहून घेता आणि जाता. आणि तू त्यांना म्हणालीस, ‘मी आहे ना.’

तू आहेस म्हणजे किती दिवस आहेस, गं? कंत्राट डिसेंबरपर्यंतचं. व्हिसाचं तुझं तुलाच ठाऊक, मला सांगत नाहीस.

हे पुन्हा पुन्हा लिहिणार नाही, असं ठरवून बसलेय.

तू पाठवलेला नकाशा मी मोठा करून पाहिला. झाडं हवीत तिथे हिरवा ठिपका, दिवे हवेत तिथे पिवळा. त्या आजींनी आपला हिरवा ठिपका स्वतःच्या घराच्या छपरावरच चिकटवलाय. तू हसून सांगितलंस, त्यांना नकाशा नीट कळला नसेल. मला नाही तसं वाटत. त्यांनी सांगितलंय की त्यांना राखायचंय ते हे. जन्मापासून त्या गल्लीत राहणाऱ्या बाईला स्वतःचं घर नकाशावर ओळखू येत नाही होय?

पिट्सबर्ग म्हटल्यावर बाबा पेनसिल्व्हेनियाचा नकाशा काढून बसले होते. अटलांटातही एक आहे, हे तुझ्यामुळे कळलं. 1883 च्या सुमारास, गुलामी संपल्यावर, काळ्या कामगारांनी रेल्वेच्या वर्कशॉपांच्या कडेला घरं बांधली आणि काजळी इतकी की त्या पोलादाच्या शहराचं नावच वस्तीला चिकटलं. ते ऐकताना माझ्या डोळ्यांपुढे लालबागची आमची गॅलरी आली. तुझी आजी चादर वाळत घालायची आणि दुसऱ्या पाळीचा भोंगा होईपर्यंत तिच्यावर काळे ठिपके पडलेले असायचे. झटकायचे नाहीत, फुंकायचे. झटकले की पसरतात. तू ती गॅलरी पाहिलीच नाहीस. आता तिथे पार्किंगचे मजले आहेत.

तुझ्या आजोबांचं तुला अर्धंच माहीत आहे. 1982 च्या जानेवारीत गिरणी कामगारांचा संप सुरू झाला तेव्हा मी शाळेत होते. महिनाभरात मिटेल, असं सगळी चाळ म्हणत होती. नाही मिटला. पुढे 1991 साली नियम आला, गिरणीची जमीन विकसित करायची तर तिचे साधारण तीन वाटे: एक मालकाला, एक म्हाडाच्या घरांना, एक मोकळ्या जागेसाठी. आजोबांनी वर्तमानपत्रातलं ते कात्रण पाकिटात ठेवलं होतं. पोरांना बाग होईल म्हणायचे. 2001 ला नियम बदलला, वाटणी फक्त बांधकाम नसलेल्या जागेची. गिरणीत बांधकाम नसलेली जागा असते किती? 2006 मध्ये सुप्रीम कोर्टानेही तेच ग्राह्य धरलं. तोवर आम्ही खोलीची पागडी घेऊन डोंबिवलीत आलो होतो. वाचवायची तीच नेमकी जागा शब्दाशब्दांत विरघळली. तिथे कोणी ‘मी आहे ना’ म्हणालं नव्हतं असं नाही. पुष्कळ जण म्हणाले होते.

बघ, पुन्हा तिथेच आले.

तुझं काम मला कळत नाही असं समजू नकोस. नोकरीत अर्धं आयुष्य मी हरकती-सूचनांचं रजिस्टर लिहिलं. हरकत क्रमांक, नाव, पत्ता, मजकूर थोडक्यात आणि शेवटचा रकाना, अभिप्राय. माणसं पिशवीत गुंडाळलेल्या फायली घेऊन यायची, पावसाळ्यात कागद एकमेकांना चिकटलेले. सुनावणीत पहिलं वाक्य बोलून होईपर्यंत पुढच्याचा पुकारा. आणि शेवटच्या रकान्यात वरून जे यायचं ते मी लिहायचे: ‘नोंद घेण्यात आली.’ माणसाला विचारणं हे काम तसं सोपं आहे, ऋचा. विचारल्यानंतर रेष हलली का, हे बघणारा कोणी नसतो.

तुमच्याकडे पद्धत आपल्यापेक्षा बरी, हे मान्य. 1974 पासून, मेनार्ड जॅक्सन महापौर असतानापासून, वस्त्यांच्या नियोजन समित्या आहेत, दर महिन्याला बसतात, मत नोंदवतात. पण मत सल्ल्यापुरतंच, हेही तूच सांगितलंस. आणि तुमच्या वस्तीशेजारून जाणारी ती बेल्टलाइन, चालायची-सायकलची वाट, काही लोकांना न विचारता झाली नाही. रायन ग्रॅव्हेल या विद्यार्थ्याच्या 1999 च्या प्रबंधातून निघाली, मग वस्त्यावस्त्यांतल्या मीटिंगांतून लोकांनीच उचलून धरली. बावीस मैलांचं कडं, जुन्या रेल्वेमार्गांवरून. इतकं विचारून-सवरून आखलेलं काम, तरी घरांचे भाव चढायचे ते चढलेच.

का चढले, ते मी तुझ्या त्या पीडीएफमध्ये शोधून काढलं. बाबांना वाटलं मी रेसिपी वाचतेय. 2005 साली मार्गाच्या आजूबाजूला कराचा खास पट्टा आखला, पंचवीस वर्षांसाठी. त्या पट्ट्यात मालमत्तेच्या किमती वाढून जो जादा कर येईल, तो प्रकल्पाला. म्हणजे मार्ग ज्या पैशातून व्हायचा तो पैसा शेजारची घरं महाग झाल्यावरच येणार. मग घरं महाग होऊ नयेत हे मनापासून कोणाला हवं असेल? परवडणाऱ्या घरांचं उद्दिष्ट ठेवलंय, 2030 पर्यंत 5,600. पण सुरुवातीची कित्येक वर्षं वाट पुढे आणि घरं मागे. 2016 मध्ये तो ग्रॅव्हेलच याच कारणाने बेल्टलाइनच्या साहाय्यक संस्थेच्या मंडळावरून बाहेर पडला. ज्याची कल्पना, त्याला आतून काही हलवता येईना. आणि तू ‘मी आहे ना’ म्हणतेस.

शेजारच्या पीपल्सटाऊनचंही तूच सांगितलंस. 2012 च्या पुरानंतर तळं आणि बाग करायची म्हणून महापालिकेने एका ब्लॉकमधली घरं मागितली, आणि काही कुटुंबं वर्षानुवर्षं भांडत राहिली. त्या आजींनी हे सगळं पाहिलंय. 2008 च्या मंदीत घरामागून घर ओसाड पडलेलंही पाहिलंय. आता रोज पोस्टातून कार्डं येतात, हाताने लिहिल्यासारखी छापलेली: तुमचं घर रोखीने घेतो. त्यांच्या दृष्टीने तू कोण? ना त्यांच्यातली, ना दुसऱ्यांतली, गळ्यात कंपनीचं कार्ड अडकवलेली कुठलीतरी मुलगी. तरी त्यांनी तुला पीच कॉबलर, ते पीचचं गोड, खायला घातलं.

तेव्हा ऐक. मीटिंगचा वृत्तांत घरी नेऊन टाइप करू नकोस, तिथेच मोठ्याने वाचून दाखव. कोणी काय म्हणालं त्यापुढे, त्याचं काय झालं, हा रकाना ठेव आणि पुढच्या मीटिंगला त्याच रकान्यापासून सुरुवात कर. भाडेकरूंना वेगळं बोलाव. घरमालकांच्या पुढे भाडेकरू बोलत नाही, हे चाळीतलं पोरही सांगेल. झाडांची निवड शेवटी ठेव. लोकांना आधी बाकं आणि फुलं निवडायला लावलं की मोठे प्रश्न विचारायची त्यांची ताकद संपते. ती कंपनीला संपवायचीच असते. संध्याकाळची मीटिंग असेल तर जेवण ठेव आणि ते जेवण वस्तीतल्याच बाईकडून विकत घे.

झालं माझं भाषण. वाईट वाटून घेऊ नकोस. तुझे साहेब हे सगळं जाणत असतील, तूही. पण कोणाला तरी सांगावंसं वाटतं, आणि बाबा म्हणतात, तू आता रिटायर झालीस.

तुझा फोटो, गुडघ्यावर बसून जमिनीवरच्या नकाशावर काहीतरी लिहितेयस तो, मी शेजारच्या काकूंना दाखवला. त्या म्हणाल्या, एवढं शिकून अमेरिकेत जमिनीवर बसते? मी म्हटलं, तिथे सगळे साहेब उभे आहेत आणि हीच एकटी बसलीय, नीट बघा. मग घरी येऊन मलाच भीती वाटली. खाली बसणाऱ्याला लोक जास्त ओळखतात. उद्या त्या गल्लीतली घरं गेली तर त्यांना कंपनीचं नाव आठवणार नाही. तुझा चेहरा आठवेल. आणि तुला त्यांचा. लहानपणी गणपती विसर्जनानंतर तू रिकाम्या पाटाशी बसून राहायचीस. तू विसरणाऱ्यातली नाहीस, हीच तर काळजी आहे.

कंत्राट वाढतंय की नाही, ते खरं खरं कळव. बाबांचे रिपोर्ट ठीक आहेत, साखर तेवढी तशीच. मीनलच्या साखरपुड्याला येता आलं नाही तर तसं आत्ताच सांग, ऐनवेळी नको.

तुझी,
आई

ता. क. – जुन्या रहिवाशांच्या घराचा कर वाढला तर तो जादा भाग भरून देणारी योजना आहे म्हणालीस, त्याचा अर्ज आजींनी केलाय का? नसेल तर अर्ज हातात देऊन येऊ नकोस, त्यांच्या टेबलाशी बसून भर. त्याआधी घर कोणाच्या नावावर आहे ते बघ. त्यांचे वडील इच्छापत्र न करता गेले असतील तर नाव अजून त्यांचंच असेल, आणि शिकागोचे भाऊ, पुतणे सगळे वारस. असं घर एका वारसाचा वाटा विकत घेऊनही फोडता येतं, आणि ती कार्डं पाठवणाऱ्यांना हे आपल्या आधी कळतं. वारसांची कामं फुकट करणारे वकील तिथे कोणी आहेत का, ते चर्चमध्ये विचार. हे डिसेंबरच्या आत होण्यासारखं आहे.