पोस्टरं भिंतीवर, मतपेटी कुठंय? श्रममंत्र्यांना खुले पत्र

मा. केंद्रीय श्रममंत्री महोदय,
स. न. वि. वि.

परवा नाइट करून सकाळी क्वार्टरवर आलो, तर भिंतीवर तीन युनियनची तीन पोस्टरं. दिवाळीत स्वतःच्या पैशानं चुना मारलेली भिंत. खळ ओलीच होती, तिच्यावर कोळशाची धूळ बसून तिन्ही नेत्यांना आयत्या मिशा फुटलेल्या. मजकूर तिघांचा एकच: 'नंबर एक युनियन'.

साहेब, हा नंबर लावला कुणी? चंद्रपूर जिल्ह्यातल्या कोळशाच्या उघड्या खाणीत (ओपनकास्ट) 26 वर्षं डंपर चालवतोय, युनियनसाठी एकदाही मत दिलेलं नाही. इथं सभासदत्वाच्या फॉर्मवर सही घ्यायची, पगारातून चंदा कापायचा आणि फॉर्मांचा गठ्ठा ज्याचा जाड तो मोठा. गेल्या वर्षी एक अधिकारी सगळ्यांदेखत बोलून गेले, 'नवा कायदा येऊ द्या, गुप्त मतदान होईल.' कायदा, म्हणजे औद्योगिक संबंध संहिता, 21 नोव्हेंबर 2025 ला लागू झाला. मतपत्रिकेऐवजी हाजरीबाबूनं पुन्हा तोच फॉर्म पुढं केला. सही केली नाही. तेव्हापासून सलग तीन आठवडे नाइट. योगायोग असेल! शुगर आहे मला. पहाटे चारला स्टिअरिंगवर डोळा लागला तर खाली शंभर फुटांची खाण आहे, एवढंच.

बल्लारशाहून गाडीत बसलं की दीड-दोन तासांत बेल्लमपल्ली. साडभाऊ तिथं सिंगरेणीत, म्हणजे तेलंगणातल्या सरकारी कोळसा कंपनीत आहे. त्यांच्याकडे 1998 पासून गुप्त मतदान होतं. 27 डिसेंबर 2023 च्या मतदानाआधी गेलो होतो, तर भिंतीभिंतीवर युनियनची चिन्हं: तारा, घड्याळ, बाण. (घड्याळ बघून मला भलताच पक्ष आठवला.) 2012 आणि 2017 ला जिंकलेल्यांना कामगारांनी घरी बसवलं आणि आयटक या दुसऱ्या युनियनला आणलं. ते मतदान घेणारं खातंही तुमचंच. मग आमच्याच बोटाला शाई का चालत नाही?

आमच्या खाणीत हजारभर माणसं नसतील. तिन्ही पोस्टरांवरच्या सभासदांची बेरीज केली तर सतराशेच्या वर जाते. वारलेलेही चंदा भरत असावेत.

आणि माझा पोरगा? त्याच खाणीत, ठेकेदाराकडे. 2023 च्या पगारकरारात आम्हाला 19 टक्के वाढ मिळाली, पेढे वाटले, त्याला पेढाच मिळाला. त्याचा फोटो काय, त्याचा प्रश्नसुद्धा एकाही पोस्टरवर नाही. खाणी ठेकेदारांना, चंदा युनियनला, धूळ आम्हाला. तुम्ही सगळे मिळूनच जेवता, अशी आता खात्री झाली आहे.

कळस म्हणजे काल क्वार्टरवर नोटीस आली: भिंत विद्रूप केल्याबद्दल खुलासा करावा. खुलासा हाच समजावा. चुन्याचे आणि ब्रशचे मिळून 540 रुपये झाले होते, पावती जपून ठेवली आहे. कोणत्या टेबलावर द्यायची तेवढं कळवा.

एक डंपर ऑपरेटर,
जिल्हा चंद्रपूर