सुट्टीतल्या मोठ्या मुलांसाठी खरी कामं: म्युनिकहून ताईला पत्र

म्युनिक
१२ एप्रिल

प्रिय ताई,
सा. न.

मुलांना सुट्टीत कुठल्या शिबिरात घालायचं म्हणून तू पाठवलेले जाहिरातींचे फोटो पाहिले. मुक्तासाठी त्यातलं एखादं चालेल, पण ओंकारसाठी एकही घेऊ नकोस. नववी संपवून दहावीत जाणाऱ्या मुलाला कागदाची फुलं आणि ‘व्यक्तिमत्त्व विकास’ यांत तीन दिवसांवर रस टिकत नाही, आणि मग पैसे भरलेत म्हणून जायचं, एवढंच उरतं. या वयाच्या मुलांना न केल्यास घरात खरोखर काहीतरी अडेल असं काम लागतं. अशी कामं तुमच्या घरात भरपूर आहेत. फक्त ती दिल्यावर तू आणि भाऊजींनी मध्ये हात घालायचा नाही. बहुतेक घरी गाडी नेमकी तिथेच अडते.

आधी वेळ. मे महिन्यात पुण्यात अकरा ते चार बाहेरची कामं ठेवायचीच नाहीत. सकाळी सहा ते साडेनऊ हातांची आणि बाहेरची कामं, दुपारी बसून करायची, संध्याकाळ खेळायला मोकळी. ओंकारचा दहावीचा क्लास मेमध्येच सुरू होणार असेल तर त्याच्याकडे दिवसाला दोन तासांपेक्षा जास्त काम देऊ नकोस. सगळी सुट्टी आखून ठेवण्यापेक्षा एका आठवड्याला एकच मोठं काम बरं.

पहिलं काम, घरातल्या दोन्ही सायकलींचं पूर्ण सर्व्हिसिंग. इकडे बव्हेरियात चौथीतल्या मुलांची पोलिसांसमोर सायकलची परीक्षा होते, त्यात ब्रेक, दिवे, घंटी जागेवर आहेत का, हेही बघतात. आपल्याकडे दहावीच्या मुलालाही चेन पडली की दुकान लागतं. सामान थोडंच लागेल: पान्ह्यांचा संच, दोन प्लास्टिकचे टायर लिव्हर, पंप, पंक्चरचं सोल्युशन आणि ठिगळं, पॉलिश पेपर, ग्रीसचा लहान डबा, चेनचं तेल, जुनी बनियनची फडकी आणि एक पसरट ताट. एका वेळी एकच सायकल उघडायची, आणि उघडण्याआधी प्रत्येक भागाचा मोबाइलवर फोटो काढायचा.

सुरुवात पुढच्या चाकाच्या पंक्चरपासून. चाक काढलं की हवा पूर्ण सोडायची, टायरची एक कड लिव्हरने उचलायची, ट्यूब बाहेर काढून थोडी हवा भरायची आणि बादलीतल्या पाण्यात फिरवायची. बुडबुडे येतात तिथे पेनाने खूण. ट्यूब कोरडी करून खुणेभोवती इंचभर जागा पॉलिश पेपरने खरखरीत करायची, सोल्युशनचा पातळ थर द्यायचा आणि पाच मिनिटं थांबायचं. ही पाच मिनिटंच मुलांना जड जातात. सोल्युशन ओलं असताना ठिगळ लावलं तर ते सरकतं आणि दुसऱ्या दिवशी कडेने सुटतं. बोटाला लागेनासं झालं की ठिगळ लावून जोरात दाबायचं.

ट्यूब परत घालण्याआधी टायरच्या आतून फडक्याने सगळीकडे चाचपायचं, कारण काटा किंवा काच अजून तिथेच अडकलेली असते आणि त्याच जागी पुन्हा पंक्चर होतं. भोक बघूनही कारण कळतं. शेजारीशेजारी दोन बारीक भोकं असतील तर हवा कमी होती आणि खड्ड्यात ट्यूब रिमवर चेपली गेली. भोक रिमच्या बाजूला असेल तर आतली रिमटेप (रिमच्या आत बसवलेली पट्टी) सरकून आऱ्याचं टोक लागतंय, म्हणजे ठिगळ लावण्याआधी टेप नीट बसवायची. हवा किती भरायची हे टायरच्या कडेवरच लिहिलेलं असतं. अंगठ्याने दाबून अंदाज घेऊ देऊ नकोस.

मग चाकाचा हब, म्हणजे ॲक्सलभोवती फिरणारा मधला भाग. सुटे छर्रे असतील तर साधारण पुढच्या चाकात प्रत्येक बाजूला ३/१६ इंचाचे दहा आणि मागच्यात पाव इंचाचे नऊ असतात. काही सायकलींत ते पिंजऱ्यात बसवलेले असतात. ताटावर चाक आडवं धरून उघडायचं, बाजूनिहाय मोजून वेगळे ठेवायचे. एखाद्या छर्‍याला खळगा पडला असेल किंवा चमक गेली असेल तर त्या बाजूचे सगळे बदलायचे, एकटा नाही. जुनं ग्रीस पुसून नवं भरायचं, कोन (ॲक्सलवरचा, छर्‍यांना जागेवर धरणारा शंकूसारखा नट) हाताने घट्ट करून पाव फेरा मागे घ्यायचा आणि मग वरचं नट आवळायचं. ॲक्सल बोटांनी फिरवल्यावर करकर लागली तर जास्त घट्ट, खुळखुळला तर सैल. नट आवळताना कोनही थोडा फिरतो, म्हणून हे दोन-तीनदा करावंच लागतं. ओंकार पहिल्याच फटक्याला ‘झालं’ म्हणेल, तेव्हा चाक त्याच्या हातात देऊन ॲक्सल फिरवायला सांग.

डाव्या पायडलचे आटे उलटे असतात. तो नेहमीप्रमाणे सोडवायला गेला तर आणखी आवळेल, आणि जोर लावून लावून क्रँकचे (पायडल ज्यात बसतं त्या दांड्याचे) आटे जातील. ते गेले की बहुतेक वेळा क्रँकच बदलावा लागतो.

चेनचं मोजमाप सोपं आहे. अर्ध्या इंचाला एक याप्रमाणे चोवीस जोडांची लांबी बरोबर १२ इंच भरायला हवी. १२ १/८ भरली तर चेन झिजली, ती मागच्या चाकाचे दातेही खाईल. ठीक असेल तर फडक्याने पुसून प्रत्येक जोडावर एकच थेंब, पेडल उलटे फिरवायचे, दहा मिनिटांनी वरचं तेल पुन्हा पुसायचं. चेनवर चकचकीत तेल राहिलं की पुण्याची धूळ त्यात बसते आणि चेन घासली जाते. धुण्यासाठी डिझेल वापरणार असाल तर बाहेर गच्चीत, गॅसपासून लांब. ब्रेकचे रबर रिमला लागले पाहिजेत, टायरला नाही. हे शेवटी भाऊजींनी स्वतः तपासावं आणि पहिली चक्कर सोसायटीच्या आतच मारू द्यावी. आपल्या घरच्या झाल्या की सोसायटीतल्या दोन सायकली घेऊ दे. पैसे घ्यायचे की नाही ते त्याचं तोच ठरवेल.

मुक्तासाठी विजेचं मीटर. आठवीत जाणाऱ्या मुलीला हे पुस्तकातल्या विजेच्या धड्यापेक्षा आवडेल असं मला वाटतं. मीटरवर लुकलुकणाऱ्या लाल दिव्याजवळ एक आकडा छापलेला असतो, ३२०० किंवा १६०० असा काहीतरी. एका युनिटला दिवा तेवढ्यांदा लुकलुकतो. एका युनिटमध्ये ३६ लाख वॅट-सेकंद असतात, म्हणून ३६ लाखांना त्या आकड्याने भागायचं: ३२०० असेल तर ११२५ येतात. दोन लुकलुकींमधल्या सेकंदांनी ११२५ ला भागलं की त्या क्षणी घरात किती वॅट चालू आहेत ते कळतं. अचूक हवं असेल तर दहा अंतरं मोजायची आणि ११,२५० ला एकूण सेकंदांनी भागायचं. पहिल्या लुकलुकीला ‘शून्य’ म्हणायचं. ‘एक’ म्हणून सुरुवात केली तर नऊच अंतरं मोजली जातात आणि उत्तर अकरा टक्क्यांनी जास्त येतं.

सगळं बंद करून एकच वस्तू चालू ठेवायची. साध्या ७५ वॅटच्या पंख्याला दहा अंतरांना १५० सेकंद लागतील, २००० वॅटच्या गिझरला सहा सेकंदांच्या आतच. फ्रीज मोजताना फसगत होते, कारण त्याचा कंप्रेसर मधूनमधून बंद पडतो. त्यासाठी घरातल्या बाकी वस्तू बंद असताना काही तासांचं मीटर वाचन घ्यावं लागेल. तुमचा इन्व्हर्टर बॅटरी चार्ज करत असेल तर तोही आकडा फुगवतो, म्हणून वीज जाऊन आल्यानंतर लगेच मोजू नये. बोर्ड किंवा मीटरचं झाकण कुणीही उघडायचं नाही, फक्त बटणं.

आकडे जमले की तिला महावितरणचं बिल दे. घरगुती दराचे टप्पे १००, ३०० आणि ५०० युनिटांवर बदलतात. ७५ वॅटचा पंखा रोज १२ तास चालला तर महिन्याला २७ युनिट, ३० वॅटचा बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) पंखा लावला तर ११ च्या आसपास. तीन पंखे बदलले तर तुमचं बिल खालच्या टप्प्यात येतं का आणि पंख्यांची किंमत किती महिन्यांत वसूल होते, हे तिने कागदावर मांडून भाऊजींना पटवून द्यायचं. पटलं तर पंखे घ्या. नाही पटलं तर का नाही, ते तिला नीट सांगा.

तिसरं, कुरडया. सासूबाईंचं यंदा वय झालं म्हणून करायच्या नाहीत, असं तू म्हणालीस. त्यांनी खुर्चीत बसून सांगावं आणि मुलांनी करावं. दोन किलो गहू पुरेत. तीन दिवस भिजवायचे आणि रोज पाणी बदलायचं. हे पाणी बदलण्याचं काम मुक्ताचं, आठवण कुणी करायची नाही. एक दिवस चुकला तर चिकाला आंबूस वास येतो. चौथ्या दिवशी वाटून पंच्यातून गाळायचे, रात्रभर चीक खाली बसू द्यायचा, सकाळी वरचं पाणी हलक्या हाताने ओतून टाकायचं. चीक मोजून घ्यायचा. जेवढा चीक तेवढंच पाणी, घट्ट असेल तर थोडं जास्त. पाण्यात मीठ आणि हिंग, उकळी आली की एकाने चीक ओतायचा आणि दुसऱ्याने सतत हलवायचं. दोन माणसं लागतात ती इथेच. एकट्याने केलं की गुठळ्या होतात आणि सोऱ्याच्या भोकात अडकतात. पांढरटपणा जाऊन चीक काचेसारखा झाला म्हणजे शिजला. कच्चा राहिला तर वाळल्यावर कुरडई मोडते आणि तळताना फुलत नाही.

गरम असतानाच सोऱ्यातून घालायच्या, गार झाला तर दाबताना हात भरून येतात. गरम चीक अंगावर पडला तर तो चिकटून राहतो आणि वाईट भाजतो, म्हणून पातेल्याशी तू किंवा भाऊजी. सोऱ्या ओंकारकडे. गच्चीवर दोन-तीन कडक उन्हं लागतील, आणि मेमध्ये दुपारनंतर वळीव येतो तेव्हा धावत जाऊन वाळवण उचलण्याची पाळी आधीच ठरवून ठेवा. डब्यात भरण्याआधी एक तळून बघायची.

यातच एक छोटं काम बसतं. १३-१४ मेला पुण्यात शून्य सावलीचा दिवस असतो, दुपारी १२ वाजून ३१ मिनिटांच्या सुमारास सूर्य डोक्यावर येतो. गच्चीवर मीटरभर उंचीची काठी उभी करून १ मेपासून रोज त्याच वेळी सावलीच्या टोकावर खडूने खूण करायची. १ मेला ती उत्तरेला सहा सेंटिमीटरच्या आसपास असेल आणि रोज चार-पाच मिलिमीटरने आत येईल. नंतर दक्षिणेला सरकायला लागेल. काठी एका अंशाने कलली तरी सतरा मिलिमीटरचा फरक पडतो, म्हणजे जवळजवळ चार दिवसांचा. म्हणून दोऱ्याला नट बांधून ओळंबा करा. सावलीची कड नेहमी पुसट दिसते, पुसट भागाच्या मध्यावर खूण करायची. अकरा ते चारच्या नियमाला ही दोन मिनिटांची खूण तेवढी अपवाद, म्हणून डोक्याला टोपी, आणि सूर्याकडे कुणी बघायचं नाही.

बाहेर पाठवायचं तर दोघांनाच पाठव. वनाजहून मेट्रोने जिल्हा न्यायालय (आधीचं सिव्हिल कोर्ट) स्टेशनला गाडी बदलून मंडईला उतरायचं, तिथून चालत शुक्रवार पेठेतलं केळकर संग्रहालय. सगळं बघून यायला सांगू नकोस, पाय दुखून परत येतील. फक्त अडकित्ते बघायचे, पाच निवडायचे आणि त्यांचा सांधा कसा बसवलाय ते वहीत काढायचं. वाचनाचं म्हणशील तर पुणे नगर वाचन मंदिर १८४८ पासून आहे, मेचं वर्गणीचं कार्ड त्यांच्या स्वतःच्या नावावर काढून दे. दहा वर्षांवरच्या मुलांना बँकेत स्वतः चालवायचं बचत खातंही उघडता येतं. सायकलींचे पैसे आलेच तर तिथे टाकू दे.

ओंकार दुकानात ‘काम’ करीन म्हणत होता. इकडे पंधरा पूर्ण झालेल्या शाळकरी मुलांना सुट्टीत वर्षाला चार आठवडे काम करता येतं, म्हणून त्याला ते सोपं वाटतं. आपल्याकडे चौदाच्या आतल्यांना नोकरीवर ठेवता येत नाही आणि अठरापर्यंत धोक्याच्या कामावर तर नाहीच. ओळखीच्या कुणाच्या पुस्तकांच्या किंवा स्टेशनरीच्या दुकानात सकाळचे दोन तास बसू देत, पण मुक्ता नको.

आणि स्कूटर नाही. गल्लीत, सोसायटीच्या रस्त्यावर, ‘फक्त दूध आणायला’ सुद्धा नाही. अल्पवयीन मुलाने चालवली तर पालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, गाडीची नोंदणीही वर्षभर रद्द होते. भाऊजी हसतील, पण वाचून दाखव.

मोबाइलवर वेगळा नियम करू नकोस. ग्रीसने हात माखले असतील तेवढा वेळ तो आपोआप लांब राहतो.

आता मला दोन गोष्टी कळव. ओंकारच्या सायकलच्या टायरवर कडेला काय आकडे लिहिलेत (२६ x १.९५ असं काहीतरी), आणि मीटरवरच्या लाल दिव्याजवळ काय आकडा आहे. पहिल्यावरून ट्यूब कुठली घ्यायची ते सांगतो. दुसऱ्यावरून मुक्ताला भागाकाराचा तक्ता करून पाठवतो, पण तो ती स्वतः एकदा करून दाखवेल तेव्हाच.

सासूबाईंना नमस्कार, भाऊजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा
बंड्या